कात्री लावण्याआधी कापड पाहा

कपडा जुना झाला म्हणून आपण बाजूला काढतो, तेव्हा त्याचं बिघडलेलं असतं फार थोडं. शर्टाच्या कॉलरची घडी विरलेली असते, कुर्त्याच्या काखेत डाग पडलेला असतो, पँटची चेन अडकत असते, ब्लाउज घट्ट झालेला असतो. कधी तर काहीच बिघडलेलं नसतं, फक्त त्या घेराची किंवा त्या बाहीची फॅशन मागे पडलेली असते. बाकीचं सगळं कापड धडधाकट असतं.

उलट जुन्या कापडात काही गुण असे असतात, जे नव्यात नसतात. सुती कापडाला जेवढं आटायचं असतं तेवढं ते आटून गेलेलं असतं. जास्तीचा रंग सुटून गेलेला असतो. विणीत काही दोष असेल तर तो एव्हाना दिसायला लागलेला असतो. नव्या कापडाबाबत दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागतं, जुन्याचं खरंखोटं समोर असतं. पाहणाऱ्याला ते पाहता आलं पाहिजे, एवढंच. म्हणूनच कमी पैशांत चांगलं नेसायचं, घालायचं असेल तर शिवणकामाच्या आधी कापडाची पारख शिकावी, असं मला मनापासून वाटतं. सुई चालवायला महिनाभरात जमतं आणि मशीन शेजारच्या शिंप्याकडे असतंच. पण चुकीचं कापड निवडलं तर उत्तम शिंपीही काही करू शकत नाही.

दंड, गोधडी आणि उलटवलेली कॉलर

'थ्रिफ्ट' आणि 'अपसायकलिंग' हे शब्द आता मराठी मुलामुलींच्या तोंडी रुळले आहेत. त्यामागची विद्या मात्र महाराष्ट्रातल्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होती. लुगडं पहिल्यांदा विरायचं ते मधोमध, बसण्याच्या जागी. दोन्ही टोकं शाबूत असायची. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगले तुकडे एकमेकांना जोडायचे, किंवा दुसऱ्या लुगड्यातला धड तुकडा आणून जोडायचा. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं आणखी काही वर्षं चालायचं. तेही नेसण्याजोगं उरलं नाही की त्याची झबली, टोपडी, कुंची आणि दुपटी व्हायची. बाळाच्या अंगाला जुनंच सुती कापड लावण्यामागे काटकसर होती, तसंच शहाणपणही होतं. शेकडो वेळा धुतलेल्या कापडातली खळ निघून गेलेली असते, धागा मऊ पडलेला असतो, त्यामुळे नाजूक कातडीला ते काचत नाही. शेवटी उरलेल्या तुकड्यांचे थर एकावर एक पसरून धावदोऱ्याची गोधडी किंवा वाकळ शिवली जायची.

शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत शर्टाची कॉलर उलटवून घेत असत. कॉलर विरते ती मानेला घासणाऱ्या घडीवर. शिंपी ती पट्टीपासून उसवून, पालथी करून पुन्हा बसवायचा. विरलेली बाजू आत जायची, कोरी बाजू वर यायची आणि शर्टाला नवं आयुष्य मिळायचं. हे काम आजही कुठल्याही शिंप्याकडून करून घेता येतं. सांगणारं गिऱ्हाईक उरलेलं नाही, म्हणून ते मागे पडलं आहे.

टंचाई आली की जगभर माणसं याच युक्त्यांकडे वळलेली दिसतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढ माणसाला ६६ कूपनं मिळाली आणि हे रेशनिंग १९४९ पर्यंत चाललं. १९४३ मध्ये तिथल्या सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून लोकांना जुने कपडे दुरुस्त करायला, उसवून नवे शिवायला शिकवलं. त्या काळात तिथल्या बायका मधोमध विरलेली चादर उभी कापायच्या आणि कडेच्या धड बाजू मध्ये आणून जोडायच्या. आपल्याकडच्या दंडामागेही नेमकं हेच तर्कशास्त्र आहे. कापड सगळीकडे सारखं झिजत नाही, हे एकदा कळलं की दुरुस्तीची अर्धी वाट सापडते.

टाकलेला कपडा कुठे जातो

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्राच्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या दारावर येत आली आहे. दारात बसून ती प्रत्येक साडीची घडी उलगडते, उजेडात धरते, काठ चाचपते आणि मग पातेलं द्यायचं की डबा हे ठरवते. कापडाची पारख शिकायची तर तिचे हात पाहावेत. गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजातल्या कुटुंबांनी हा व्यवसाय मुंबईपासून दिल्लीपर्यंत उभा केला. दिल्लीत रघुबीरनगरला पहाट होण्याआधीच जुन्या कपड्यांची घोडा मंडी भरते. घराघरांतून जमवलेले कपडे तिथे वर्गवारीने विकले जातात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ल्युसी नॉरिस यांनी या व्यापाराचा सविस्तर अभ्यास केला आणि तो २०१० मध्ये पुस्तकरूपाने आला. घालण्याजोगे कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा बाजारात जातात. रेशमी साड्यांचे परकर, उशांचे अभ्रे, पलंगपोस होतात आणि ते पर्यटकांना विकले जातात, परदेशीही जातात.

जे कुठल्याच कामाचं उरत नाही, त्याचा शेवटचा मुक्काम बऱ्याचदा हरियाणातल्या पानिपतला असतो. लोकरीचे कपडे तिथे रंगानुसार वेगळे करतात, बटणं आणि चेन काढून चिंध्या करतात, त्या पिंजून पुन्हा धागा काढतात आणि स्वस्त घोंगड्या, ब्लँकेटं विणतात. लाल कपड्यांतून लाल धागा निघतो, त्यामुळे नव्याने रंगवायचा खर्च फारसा येत नाही. चिंध्यांपासून लोकर काढायची ही पद्धत इंग्लंडमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ यांनी १८१३ मध्ये सुरू केली.

पुनर्वापराचं सर्वांत मोठं दर्शन घडतं ते घानाची राजधानी आक्रा इथल्या कांतामांतो बाजारात. युरोप-अमेरिकेत दान केलेल्या कपड्यांचे गठ्ठे तिथले व्यापारी आत काय आहे ते न पाहता विकत घेतात. मग बाजारातच शिंपी, रंगारी, इस्त्रीवाले आणि धोबी कामाला लागतात. मोठे शर्ट लहान होतात, फिकी जीन्स पुन्हा गडद होते. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला आणि हजारो विक्रेत्यांचं नुकसान झालं, तरी त्यांनी तो पुन्हा उभारायला घेतला. कांतामांतोची दुसरी बाजूही जाणून घ्यायला हवी. गठ्ठ्यांतल्या स्वस्त, पातळ कपड्यांचा बराच भाग दुरुस्त करण्याच्याही लायकीचा नसतो. तो गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पडतो. कपडा दान केला म्हणजे आपली जबाबदारी संपली असं होत नाही, हे तिथला किनारा सांगतो.

आपल्याकडे अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेने याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. शहरातले जुने कपडे भीक म्हणून न वाटता, गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर खणली, रस्ता बांधला की त्या श्रमाचा सन्मान म्हणून ते दिले जातात. धड नसलेल्या सुती कापडातून मासिक पाळीसाठी स्वच्छ घड्या तयार होतात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

खरेदी: हातात घेऊन, उजेडात धरून

जुने कपडे मिळण्याच्या जागा दोन प्रकारच्या आहेत. पुण्याचा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार किंवा मुंबईच्या चोरबाजारातली शुक्रवारची गर्दी इथे खरोखर वापरलेल्या वस्तू असतात. मुंबईतली आझाद मैदानाजवळची फॅशन स्ट्रीट किंवा दिल्लीचं सरोजिनी नगर इथे मुख्यतः निर्यातीतून उरलेला किंवा किरकोळ दोषामुळे नाकारलेला नवा माल असतो. त्याचं लेबल अनेकदा कापलेलं असतं. लॉकडाउननंतर इन्स्टाग्रामवरची थ्रिफ्ट दुकानं वाढली आणि आता घरबसल्याही जुने कपडे मागवता येतात. सगळ्यात स्वस्त बाजार मात्र आपल्याच नात्यागोत्यात असतो. आईचं, आत्याचं, काकांचं कपाट तिथल्या कापडाच्या इतिहासासकट उपलब्ध असतं.

कपडा हातात आला की पहिल्यांदा तो उजेडासमोर धरावा. बसण्याची जागा, कोपर, काख, मांड्यांच्या आतली बाजू इथे कापड जाळीदार दिसलं तर ते तिथे लवकरच फाटणार आहे. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच उभं आणि आडवं ताणावं. चरचर असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले तर तो कपडा ठेवून द्यावा. जुन्या रेशमाला हा नियम जास्तच लागू होतो. घाम, ऊन आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत राहणं यांमुळे रेशीम घडीवरच चिरतं. म्हणून तर घरातल्या रेशमी साड्यांच्या घड्या अधूनमधून बदलाव्या लागतात.

त्यानंतर कापडाची जात ओळखायची. शिवणीच्या आतून दोन-तीन धागे ओढून घ्यावेत आणि ते चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे मऊ करडी राख राहते. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेला काळा मणी बोटांनी चुरडता येतो. पॉलिस्टर आधी वितळतो, मग त्याचा कडक गोळा होतो आणि तो चुरडत नाही. रेयॉनही सुतासारखाच जळतो, कारण तो लाकडाच्या लगद्यापासून बनतो. पण या दोघांत मोठा फरक आहे. सूत ओलं झालं की जास्त बळकट होतं, रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणून पिळून धुतलेले रेयॉनचे कुर्ते लवकर जातात. जुन्यात रेयॉन घेताना दुप्पट काळजी घ्यावी.

ही जात ओळखण्याने पुढचं सगळं ठरतं. सूत घरी रंगवता येतं, तापत्या इस्त्रीला टिकतं, कापायला आणि शिवायला सरळ असतं. पॉलिस्टर टिकाऊ असतो, पण तो रंगवायला साधारण १३० अंश तापमान आणि दाब लागतो, त्यामुळे घरच्या पातेल्यात तो नीट रंगत नाही. ज्या जीन्समध्ये किंवा टी-शर्टात ताणणारा धागा आहे, त्या धाग्याची लवचीकता गेली की गुडघ्याला फुगा येतो. तो फुगा कुठल्याही शिंप्याला काढता येत नाही.

मापाच्या बाबतीत लेबलावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. कंपनीगणिक ते बदलतात, आणि जुना कपडा तर आटलेलाही असतो. घरातला अंगाला नीट बसणारा एक शर्ट, एक कुर्ता आणि एक पँट सपाट पसरून मोजावी आणि ती मापं फोनमध्ये लिहून ठेवावीत. छातीची सपाट रुंदी, खांद्याची रुंदी, कमरेची रुंदी, पायाची आतली लांबी एवढी मापं पुरतात. बाजारात टेप बरोबर न्यावा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून हीच सपाट मापं मागावीत.

आणि खांदा नीट बसत असेल तरच कपडा घ्यावा. बाजूची शिवण आत घेणं सोपं असतं, लांबी कमी करणं त्याहून सोपं असतं. खांदा बदलायचा म्हणजे बाही सोडवा, मुंढा नव्याने कापा, बाही पुन्हा बसवा. एवढ्या कामाची शिलाई कपड्याच्या किमतीहून जास्त होते. कपडा मोठा करायचा असेल तर तो उलटा करून आत किती माया सोडली आहे ते पाहावं. शिंप्याने शिवलेल्या ब्लाउजमध्ये आणि पुरुषांच्या पँटच्या मागच्या शिवणीत बरीच माया असते, तयार कपड्यांत ती जवळपास नसते.

घरी आल्यावर आधी धुणं

जुना कपडा सरळ कपाटात ठेवू नये. तो बंद पिशवीतून आणावा आणि कापड सोसत असेल तर ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुवावा. त्या तापमानाला ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. रेशीम आणि लोकर इतक्या गरम पाण्यात घालता येत नाही. असा कपडा बंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवला तरी तेच काम होतं. नंतर तो रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावा. डांबरगोळ्यांचा वास साबणाने जात नाही, त्याला सावलीतला वारा बरेच दिवस द्यावा लागतो.

डाग काढताना डाग कशाचा आहे ते कळलं तर निम्मं काम झालं. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, कारण हळदीतलं रंगद्रव्य क्षारात रंग बदलतं. घाबरून घासत बसू नये. तेच रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही, म्हणून धुतलेला कपडा कडक उन्हात वाळवत राहिलं की डाग आपोआप फिका होत जातो. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवावं. काखेतले पिवळे डाग मात्र चिवट असतात. ते घाम आणि डिओडरंटमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांपासून बनतात आणि ब्लीचिंगच्या द्रवाने आणखी पिवळे होतात. रेशीम आणि लोकर यांना तो द्रव लावायचाच नाही, त्यांचा धागाच त्यात विरघळतो.

बदल: लहानापासून मोठ्याकडे

आता कात्री हातात घ्यायची. इथेही क्रम पाळावा. जो बदल सर्वांत कमी उसवून होतो, तो आधी करून पाहावा.

सर्वांत स्वस्त बदल बटणांचा. साध्या पांढऱ्या शर्टाची प्लॅस्टिकची बटणं काढून शिंपल्याची, लाकडी किंवा धातूची लावली तर शर्टाचा रुबाब बदलतो. त्यानंतर लांबी. कुर्ता गुडघ्याखाली घोळत असेल तर तो कमरेखाली वीतभर ठेवून कापला की जीन्सवर घालता येतो. कोपरावर विरलेल्या पूर्ण बाहीची अर्धी बाही होते. बाजूच्या शिवणी आत घेताना आधी कपडा उलटा घालावा, आरशासमोर टाचण्या लावाव्यात, मग कच्चा धावदोरा घालून पुन्हा घालून पाहावा आणि शेवटी मशीनवर टीप मारावी. बसून पाहावं, हात वर करून पाहावा. जादा कापड लगेच कापू नये, आत दुमडून ठेवावं. वजन वाढलं तर तेच कामाला येतं.

यापुढचं तत्त्व लक्षात ठेवलं तर नवशिक्या माणसालाही मोठी कामं जमतात. कपड्यात शिवायला अवघड असे काही भाग असतात: कॉलर, काजं-बटणांची पट्टी, चेन, कप्पेदार खिसा, नेफा. हे भाग न उसवता जसेच्या तसे वापरता येतील असा नवा कपडा योजावा. पुरुषी शर्टाच्या बटणपट्टीचा भाग समोर ठेवून चौकोन कापला की उशीचा अभ्रा होतो आणि त्याला काजं पाडावी लागत नाहीत. तोच शर्ट मुलीच्या अंगावर ठेवला तर बटणपट्टी पुढे आणि मूळचा घेर खाली असा झगा होतो. पँटचा मूळ खिसा आणि चेन तशीच ठेवून पाय कापले की हाफ पँट तयार. जुन्या सलवारीचा नेफा तसाच राखून परकर शिवता येतो.

साडी हा तर कापडाचा खजिनाच. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला अडीच मीटर कापड पुरतं, त्यामुळे एका साडीत कुर्ता होऊन ओढणीपुरतं कापड उरतं. कापण्याआधी साडी पूर्ण पसरावी आणि विरलेल्या, डाग पडलेल्या जागांभोवती खडूने खुणा कराव्यात. खालची घासलेली कडा, पिनांनी भोकं पडलेला खांद्याजवळचा पदर, निऱ्या खोवायची जागा या तीन ठिकाणी कापड थकलेलं असतं. त्या जागा टाळून बेत मांडावा. काठ कुर्त्याच्या घेराला किंवा बाहीच्या टोकाला यावा अशा बेताने कागदी साचा ठेवला तर वेगळी किनार लावायची गरज उरत नाही. साडी रेशमी असेल तर तिला मऊ सुती अस्तर द्यायलाच हवं. अंगाचा ताण तेव्हा अस्तर घेतं आणि रेशीम शिवणीवर फाटत नाही. विरलेलं पण स्वच्छ सुती लुगडं अस्तरासाठी फार छान.

जीन्सचा स्वभाव वेगळा. तिच्या विणीत उभा धागा निळीने रंगवलेला आणि आडवा धागा पांढरा असतो. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत न जाता वरवरच बसतो, म्हणून घासलेली जागा फिकी होते आणि फाटलेल्या जागी पांढरे धागे लोंबतात. गुडघा फाटला तर आतून जुन्या जीन्सचाच तुकडा लावावा आणि वरून जाड दोऱ्याने जवळजवळ धावदोरे घालावेत. दोरा निळ्या रंगाचा असेल तर दुरुस्ती लपते, लाल किंवा पांढरा असेल तर ती नक्षी होते. जपानमधल्या शेतकरी कुटुंबांतल्या बायकांनी निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने केलेली अशीच मजबुती आज साशिको म्हणून जगभर शिकवली जाते. आपल्या गोधडीचा धावदोरा तिच्या तोडीचा आहे. कुणा मुलाच्या जीन्सवर किंवा जॅकेटच्या पाठीवर तो अभिमानाने यायला हवा. मशीनवर जीन्स शिवताना १६ किंवा १८ नंबरची सुई लावावी. साध्या कापडाला चालणारी १४ नंबरची सुई जाड शिवणीवर मोडते.

रंग फिका पडलेला सुती कपडा रंगवून घेणं हाही मोठा बदल. आधीच्या रंगावर नवा रंग चढतो, त्याला पुसत नाही. फिक्या निळ्यावर पिवळा चढवला तर हिरवा मिळतो, म्हणून आधीपेक्षा गडद छटा निवडावी. बहुतेक तयार कपडे पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेले असतात. तो दोरा रंग घेत नाही आणि शिवणीच्या रेघा जुन्याच रंगाच्या राहतात. गडद कापडावर त्या मुद्दाम घातलेल्या टिपांसारख्या शोभूनही दिसतात, पण हे आधी माहीत असलं की धक्का बसत नाही. पांढऱ्या सुती कपड्यावरचे बारीक फिके डाग झाकायचे असतील तर उकळलेल्या कडक चहात तो बुडवावा. चहातल्या टॅनिनमुळे पूर्ण कपड्याला एकसारखी मलईसारखी छटा येते. मोठं काम असेल तर गावातला रंगारी आपल्याहून कितीतरी चांगलं करतो.

हिशेब आणि हात आवरण्याची वेळ

काटकसरीत एक धोका असतो. स्वस्त मिळतं म्हणून आपण गरजेपेक्षा जास्त घेतो आणि कपाट दुरुस्तीच्या प्रतीक्षेतल्या कपड्यांनी भरतं. म्हणून किंमत ठरवताना कपड्याच्या पैशांत धुण्याचा, शिलाईचा, बटणं-चेन यांचा खर्च मिळवावा आणि तो कपडा किती वेळा घातला जाईल याने भागावं. समजा दीडशे रुपयांचा शर्ट शंभर रुपये शिलाई देऊन नीट झाला आणि पन्नास वेळा घातला, तर एका वेळेला पाच रुपये पडले. पन्नास रुपयांचा झगझगीत टॉप एकदाच घातला तर तोच दहापट महाग. ब्रिटनमधल्या 'रॅप' या संस्थेने २०१२ मध्ये मांडलेला हिशेबही याच दिशेचा आहे. कपड्याचं वापरातलं आयुष्य नऊ महिन्यांनी वाढलं तर त्यामुळे होणारं कार्बन उत्सर्जन, लागणारं पाणी आणि निर्माण होणारा कचरा सुमारे २० ते ३० टक्क्यांनी घटतो. पर्यावरणाचा लाभ जुनं विकत घेण्यातून आपोआप मिळत नाही. तो कपडा खरोखर घालण्यातून मिळतो.

काही कापडांना कात्री लावूच नये. जुनी पैठणी, हातमागाची इरकल, खऱ्या जरीचा शालू यांची वीण आता तशी मिळणं अवघड आहे. खऱ्या जरीत चांदी असते, म्हणून तर जुनी जर वजनावर विकत घेणारे दारावर येतात. अशी साडी देण्याआधी जाणकार सराफाकडून किंवा जुन्या साड्यांच्या व्यापाऱ्याकडून तिची पारख करून घ्यावी. फाटलेली जागा थोडी असेल तर रफूगाराकडे न्यावी. रफूत कापडाचेच धागे घेऊन ताणा-बाणा पुन्हा विणला जातो आणि उत्तम रफू सहजासहजी सापडतही नाही. सगळी साडी विरली असेल, तेव्हाच काठ-पदर सोडवून नव्या कापडावर चढवावा.

दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा घालायचा कसा, हा संकोच अनेक घरांत आहे. तो समजण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे उतरलेले कपडे देण्याघेण्यात गरिबीचा आणि जातीचा अपमान अनेकांनी सोसला आहे. पण स्वतः निवडून, पैसे मोजून, धुऊन, आपल्या मापाचा करून घातलेला कपडा कुणाच्या उपकाराचा नसतो. तो आपल्या पारखीचा आणि मेहनतीचा असतो. ज्या बोहारणीने तो घासाघीस करून आणला, ज्या शिंप्याने तो बसवला, त्यांच्याही कसबाचा मोबदला त्यात असतो. जुना कपडा घेताना भाव पाडून तो मोबदला कमी करू नये, असं मला फार वाटतं.

सुरुवात करायला मशीनही लागत नाही. एक सुई, दोन-तीन रंगांचे दोरे, टेप, खडू, चांगली कात्री आणि टाके उसवायला सीम रिपर एवढं सामान शिवणसामानाच्या दुकानात थोडक्यात मिळतं. घरातला एक शर्ट घ्यावा, त्याची बटणं बदलावीत, लांबी नीट करावी आणि तो बाहेर घालून जावं. पुढच्या कपड्याची एखादी शिवण उसवून पाहावी. दोन-चार कपडे आतून पाहिले की नजर बदलते आणि तिचा खरा उपयोग होतो तो नवा कपडा घेताना. दुकानात आपण कपडा उलटा करून पाहायला लागतो. टाके दाट आहेत का, माया सोडली आहे का, अस्तर कुठपर्यंत आहे, कापड कोणत्या धाग्याचं आहे हे विचारायला लागतो. जो कपडा दुरुस्त होऊ शकणार नाही, तो घेतच नाही. कारखानदारांना टिकाऊ कपडा शिवायला लावायचा असेल, तर असं आतून पाहणारं गिऱ्हाईक वाढायला हवं. आणि ते वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे प्रत्येक मुलामुलीला शाळेच्या वयातच एक जुना कपडा आणि एक सुईदोरा हातात देणं.